आरोग्यविम्याची परदेशी प्रारूपे आणि भारतीय वास्तव

(आरोग्य सुधारणांवरील परिसंवादात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आरोग्य सुधारणांची चर्चा आपल्या देशात सुरू झाली, की ती थोड्याच वेळात परदेशात जाऊन पोहोचते. कोणी जर्मनीचा दाखला देतो, कोणी ब्रिटनचा, कोणी थायलंडचा. अमेरिकेचे नाव बहुधा धोक्याची सूचना म्हणून घेतले जाते. मग प्रश्न विचारला जातो, की यांपैकी कोणते प्रारूप भारताला मानवेल? उत्तर शोधण्यापूर्वी हा प्रश्नच थोडा तपासून घेणे आवश्यक आहे.

कोणत्याही देशाची आरोग्यव्यवस्था तीन निरनिराळी कामे करीत असते. पहिले काम पैसा गोळा करण्याचे, दुसरे त्या पैशातून उपचार कोणाकडून आणि कोणत्या दराने घ्यायचे हे ठरविण्याचे, आणि तिसरे प्रत्यक्ष उपचार देण्याचे. ‘विमा’ या शब्दाने मुख्यतः पहिल्या कामाचा बोध होतो. परंतु ज्या देशांत विमा यशस्वी झाला, तेथे दुसरे आणि तिसरे काम त्याच्या आधी किंवा निदान त्याच्या बरोबरीने उभे राहिलेले होते. प्रारूपाची आयात करताना नेमकी हीच बाब नजरेआड होते.

वेतनपत्रकावर उभा राहिलेला विमा

सामाजिक आरोग्यविम्याचे मूळ जर्मनीत आहे. बिस्मार्क यांच्या कारकिर्दीत १८८३ साली कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला. त्या वेळी वर्गणीचा दोन-तृतीयांश हिस्सा कामगाराचा आणि एक-तृतीयांश मालकाचा असे. खाणकामगारांच्या आणि कारागिरांच्या परस्पर साहाय्याच्या संस्था त्यापूर्वीही अस्तित्वात होत्या. कायद्याने त्यांना सक्तीचे आणि शिस्तीचे रूप दिले. आरंभी लोकसंख्येचा लहानसा भागच या कायद्याखाली येत होता. पुढे कारकून, शेतकरी, विद्यार्थी असे एकेक वर्ग त्यात सामील होत गेले आणि प्रत्येक रहिवाशाला आरोग्यविमा बंधनकारक होण्यास २००९ साल उजाडले. सव्वाशे वर्षांची ही वाटचाल आहे. ‘जर्मन प्रारूप’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा या कालावधीचे भान राहत नाही.

या व्यवस्थेचा पाया कोणता, असे विचारले तर उत्तर एका शब्दात देता येते: वेतनपत्रक. कामगाराला दरमहा ठरावीक पगार मिळतो, तो कागदावर नोंदला जातो आणि वर्गणी त्यातूनच कापली जाते. कापणारा मालक एकच असल्याने वसुलीचा खर्च नगण्य राहतो. भारतात दहापैकी जवळजवळ नऊ कामगार असंघटित क्षेत्रात आहेत. वीटभट्टीवरील मजूर, भाजीविक्रेता, घरकाम करणारी बाई, खंडाने शेती करणारा कुळवाडी यांची वर्गणी कोणाच्या पगारातून कापावयाची?

हा प्रश्न नवा नाही. स्वातंत्र्यापूर्वीच तो आपल्या धुरीणांसमोर आला होता. प्रा. बी. पी. आडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना १९४४ साली सरकारला सादर केली. तिच्या आधारे १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे प्रत्यक्ष योजना सुरू झाली. मालक आणि कामगार या दोघांची वर्गणी, कामगारांसाठी स्वतंत्र दवाखाने आणि आजारपणाच्या काळात रोख साहाय्य अशी तिची रचना होती. बिस्मार्क यांच्या कल्पनेचा हा भारतीय अवतारच म्हणावा लागेल. पण आडारकर यांनी ती योजना जाणीवपूर्वक संघटित उद्योगांपुरती मर्यादित ठेवली होती. त्यापलीकडे वर्गणी गोळा होणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. सात दशके उलटून गेली, तरी वेतनमर्यादा वाढविणे आणि वर्गणीचा दर कमी-जास्त करणे यापलीकडे तिचा विस्तार फारसा झालेला नाही. २०१७ पासून वेतनमर्यादा दरमहा २१ हजार रुपये आहे. २०१९ मध्ये एकूण वर्गणी साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आणली गेली.

याच काळात दुसरा मार्गही मांडला गेला होता. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली दिलेल्या अहवालात, पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व स्वीकारले आणि त्यासाठी करातून चालणारी, गावापासून जिल्ह्यापर्यंत बांधलेली सरकारी सेवा सुचविली. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली, म्हणजे भोर समितीच्या अहवालानंतर. आपण ब्रिटनची नक्कल केली, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा. अर्थात १९४२ च्या बेव्हरिज अहवालाची छाया दोन्हीकडे होती, हेही खरे. भोर समितीचा आराखडा कागदावर भव्य राहिला आणि त्याला लागणारा पैसा कधीच मिळाला नाही.

दक्षिण कोरियाचे उदाहरण वर्गणीच्या बाजूने नेहमी दिले जाते. तेथे १९७७ साली पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांपासून सक्तीचा विमा सुरू झाला आणि १९८९ पर्यंत, म्हणजे अवघ्या बारा वर्षांत, संपूर्ण देश त्याच्या कक्षेत आला. हा वेग थक्क करणारा आहे. परंतु त्याच बारा वर्षांत कोरियाचे शेतमजूर कारखान्यांत दाखल होत होते. वेतनपत्रक वाढत होते, म्हणून विमा वाढत होता. जे शेतीत राहिले, त्यांच्या विमाहप्त्याचा मोठा भार सरकारलाच उचलावा लागला.

इंडोनेशियाचा अनुभव आपल्याला अधिक जवळचा आहे. २०१४ साली तेथे एकाच राष्ट्रीय विमा संस्थेमार्फत सर्वांसाठी योजना सुरू झाली. गरिबांचा हप्ता सरकार भरते, पगारदारांचा पगारातून जातो आणि मधल्या असंघटित वर्गाने तो स्वतःहून भरावा, अशी अपेक्षा आहे. घडले असे, की या मधल्या वर्गातील अनेकांनी आजारी पडल्यावर नाव नोंदविले आणि बरे झाल्यावर हप्ते थांबविले. अर्थशास्त्रात यालाच प्रतिकूल निवड म्हणतात. योजना वर्षानुवर्षे तुटीत गेली. २०१९ मध्ये हप्ते वाढविण्याचा निर्णय झाला आणि पुढच्याच वर्षी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती वाढ रद्द केली. भारतातील ज्या मधल्या वर्गाविषयी नीती आयोगाने २०२१ मध्ये अहवाल काढला, तो वर्ग नेमका हाच आहे. देशातील सुमारे ३० टक्के लोक, म्हणजे जवळपास ४० कोटी व्यक्ती, सरकारी योजनेइतक्या गरीब नाहीत आणि खासगी पॉलिसी घेण्याइतक्या सधन नाहीत, असे तो अहवाल सांगतो. या वर्गाकडून स्वेच्छेने हप्ता मिळेल, अशा गृहीतावर योजना बेतण्यापूर्वी इंडोनेशियाचे हिशेब पाहणे इष्ट ठरेल.

अमेरिकेबद्दल फार वेळ खर्च करण्याचे कारण नाही. दुसऱ्या महायुद्धात तेथे वेतनवाढीवर निर्बंध आले, तेव्हा कामगार टिकवून ठेवण्यासाठी मालकांनी विम्याची सवलत देऊ केली आणि विमा नोकरीला कायमचा चिकटला. वृद्ध आणि गरीब या रचनेबाहेर राहिले, म्हणून १९६५ साली त्यांच्यासाठी मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी योजना आणाव्या लागल्या. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्के रक्कम आरोग्यावर खर्च करूनही त्या देशात कोट्यवधी लोक विम्याविना आहेत. केनेथ ॲरो यांनी १९६३ सालच्या आपल्या गाजलेल्या निबंधात याची सैद्धांतिक मीमांसा केली होती. उपचार विकणाऱ्यालाच गरज ठरविण्याचा अधिकार असतो आणि रुग्णाला त्याची पारख करता येत नाही. अशा ठिकाणी सामान्य बाजाराचे नियम लागू पडत नाहीत, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होय.

आधी रुग्णालय, मग कार्ड

परदेशी प्रारूपांपैकी ज्याचा भारताने सर्वांत बारकाईने अभ्यास करावा, ते थायलंडचे. मात्र आपल्याकडे त्याची ओळख ‘तीस बाट योजना’ एवढीच आहे. २००१ साली सत्तेवर आलेल्या सरकारने एका खेपेला तीस बाट भरून कोणताही उपचार मिळेल, असे आश्वासन दिले आणि २००२ साली राष्ट्रीय आरोग्य सुरक्षा कायदा झाला. सरकारी नोकर आणि कारखान्यांतील कामगार यांच्यासाठी आधीपासून वेगळ्या योजना होत्या. उरलेली सुमारे तीन-चतुर्थांश लोकसंख्या या नव्या योजनेत आली. खिशातून होणारा खर्च एकूण आरोग्यखर्चाच्या सुमारे एक-तृतीयांश होता, तो पुढे दहा टक्क्यांच्या आसपास आला.

ही किमया एका कायद्याने झाली, असे समजणे चूक ठरेल. तिची तयारी तीस वर्षे चालली होती. १९७२ पासून तेथे वैद्यकीय पदवीधरांना सरकारी सेवा सक्तीची झाली आणि त्यामुळे डॉक्टर ग्रामीण भागात जाऊ लागले. त्याहून धाडसी निर्णय १९८२ ते १९८६ या पंचवार्षिक योजनेत घेतला गेला. शहरांतील मोठ्या रुग्णालयांच्या नव्या इमारतींवरील खर्च गोठवून तो पैसा ‘अम्फो’ पातळीवरील रुग्णालयांकडे वळविण्यात आला. अम्फो म्हणजे साधारणपणे आपला तालुका. राजधानीतील डॉक्टरांना आणि नेत्यांना हा निर्णय रुचण्यासारखा नव्हता. पण त्यामुळे १९९० च्या सुमारास जवळजवळ प्रत्येक अम्फोत चालते रुग्णालय आणि त्याखाली आरोग्यकेंद्रांचे जाळे तयार झाले. २००२ साली नागरिकाच्या हाती कार्ड आले, तेव्हा ते घेऊन जाण्यासाठी जागा होती.

दुसरी गोष्ट पैशाच्या वाटपाची. थायलंडने वर्गणी गोळा करण्याचा नाद सोडून दिला. १९८३ पासून तेथे ऐच्छिक आरोग्यकार्डाचा प्रयोग चालू होता आणि त्यात आजारी माणसेच अधिक येतात, हे दिसून आले होते. म्हणून नवी योजना सर्वस्वी करांतून चालविली गेली. तीस बाटची रक्कम तर २००६ साली काढूनही टाकण्यात आली होती. ती पुढे परत आली, पण योजनेच्या अर्थकारणात तिला कधीच महत्त्व नव्हते. बाह्यरुग्ण सेवेसाठी स्थानिक केंद्राला नोंदलेल्या माणशी वर्षाची ठरावीक रक्कम मिळते. दाखल रुग्णांसाठी आजारगटानुसार दर असतात आणि त्या सर्वांची बेरीज एका निश्चित अंदाजपत्रकाच्या आत ठेवली जाते. त्यामुळे अधिक तपासण्या केल्या म्हणून केंद्राचे उत्पन्न वाढत नाही. रुग्णालयांत गर्दी वाढली, काही तुटीत गेली, डॉक्टरांच्या तक्रारी आल्या, हे सारे तेथेही घडले. योजना निर्दोष नाही. तरीही ती टिकली; अनेक सरकारे आली, लष्करी राजवटी आल्या, पण ती मोडली नाही.

भारताने काय घेतले?

आपल्याकडे २००३ साली कर्नाटकात सहकारी शेतकऱ्यांसाठी यशस्विनी योजना, २००७ साली आंध्र प्रदेशात राजीव आरोग्यश्री आणि २००८ साली केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना सुरू झाली. शेवटच्या योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील पाच जणांना वर्षाला ३० हजार रुपयांपर्यंत संरक्षण होते आणि नोंदणीशुल्क केवळ ३० रुपये होते. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांपासून राजीव गांधी जीवनदायी योजना आली. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथे प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा आरंभ झाला आणि कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण मिळू लागले. आरंभी १०.७४ कोटी कुटुंबे पात्र होती. २०२४ मध्ये सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, तिच्यात स्थान देण्यात आले.

या योजनेचे यश नाकारण्यात अर्थ नाही. हृदयशस्त्रक्रिया किंवा डायलिसिस ज्यांच्या स्वप्नातही नव्हते, अशा लाखो घरांपर्यंत ती पोहोचली. झारखंडचा मजूर मुंबईत आजारी पडला तर त्याचे कार्ड मुंबईतही चालते. स्थलांतरितांच्या या देशात ही सोय फार मोलाची असून तिची प्रेरणा कोणत्याही परदेशी प्रारूपातून आलेली नाही.

गंमत अशी, की जिला आपण विमा म्हणतो, तिच्यात विमा फारसा उरलेला नाही. लाभार्थी हप्ता देत नाही. बहुतेक राज्यांनी विमा कंपनीला मध्यस्थ न ठेवता राज्याच्या न्यासामार्फत रुग्णालयांना थेट पैसे देण्याची पद्धत पत्करली आहे. करांतून पैसा, सरकार खरेदीदार, आणि सरकारी तसेच खासगी रुग्णालये पुरवठादार, अशी ही रचना आहे. डॉ. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय तज्ज्ञगटाने २०११ साली करआधारित निधीचीच शिफारस केली होती आणि विमा कंपन्यांमार्फत खरेदी करण्यास विरोध दर्शविला होता. म्हणजे वादाच्या एका बाजूचा निकाल व्यवहारानेच दिला आहे. शब्द मात्र जुना राहिला.

आता उणीव पाहू. मध्य प्रदेशातील एखाद्या शेतमजूर दांपत्याचे उदाहरण घ्यावे. नवऱ्याला मधुमेह आहे, बायकोला उच्च रक्तदाब. दरमहा गोळ्या, अधूनमधून रक्ततपासणी, तालुक्याला जाण्याचे भाडे आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी हा त्यांचा खर्च आहे. कार्ड त्यांच्या पेटीत सुरक्षित आहे. पण योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरच लागू होते. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी गेल्यानंतरचे पंधरा दिवस तिच्या कक्षेत येतात. आयुष्यभराच्या गोळ्या येत नाहीत. पुढे पक्षाघात झाला किंवा मूत्रपिंड निकामी झाले, की कार्ड धावून येते आणि सरकार मोठी रक्कम भरते. ज्या दुखण्याला वेळीच थोडक्या खर्चात आवर घालता आला असता, ते लाखाचे झाल्यावर त्याला संरक्षण मिळते. रोगाचे आणि पैशाचेही हे उलटे गणित आहे.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. याच काळात सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ टक्क्यांवर गेला. सुधारणा निःसंशय आहे, जरी शेवटच्या वर्षांत कोविडकाळातील खर्चाची भर आहे. परंतु २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे जे उद्दिष्ट ठेवले होते, ते दूरच राहिले. आणि उरलेल्या खिशातील खर्चाचा मोठा हिस्सा औषधांचा व बाह्यरुग्ण उपचारांचा आहे, हे वेगवेगळ्या पाहण्यांनी वारंवार दाखविले आहे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की त्यासाठीच तर आयुष्मान आरोग्य मंदिरे आहेत. ते बरोबर आहे. दीड लाख उपकेंद्रे व प्राथमिक केंद्रांचे रूपांतर करण्याचे लक्ष्य २०२२ च्या अखेरीस गाठले गेले. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकातही जन आरोग्य योजनेसाठी ९,४०६ कोटी आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानासाठी सुमारे ३७ हजार कोटी रुपये होते. तेव्हा विम्याने प्राथमिक सेवेचा घास गिळला, असे आज म्हणता येणार नाही. काळजीचे कारण वेगळे आहे. रुग्णालयाचा दावा हा कायदेशीर देणे असतो; तो थकला तर बातमी होते. केंद्रातील गोळ्या संपल्या तर बातमी होत नाही. तंगीच्या वर्षात कात्री कोणाला लागेल, हे सांगण्यास अर्थतज्ज्ञाची गरज नाही.

खरेदीदाराची शिस्त

करांतून चालणाऱ्या व्यवस्थेला विमा कंपनी नको असते. चोख खरेदीदार मात्र लागतो. या बाबतीत परदेशाकडून शिकण्याजोगे पुष्कळ आहे. जपानने १९६१ सालीच सर्वांना विम्याखाली आणले. तेथे रुग्णालये बहुतांशी खासगी आहेत, तरीही प्रत्येक उपचाराचा दर देशभरासाठी सरकार ठरविते आणि दर दोन वर्षांनी वाटाघाटी करून त्याची फेररचना होते. ठरलेल्या दराबाहेर रुग्णाकडून मागणी करता येत नाही. दर टिकतात, कारण ते वेळेवर बदलतात आणि पैसे वेळेवर मिळतात.

आपल्याकडे या दोन्ही गोष्टी डळमळीत आहेत. जन आरोग्य योजनेत एकोणीसशेहून अधिक उपचारांचे दर आहेत. ते अपुरे असल्याची रुग्णालयांची तक्रार असते, तर अंगीकृत रुग्णालयानेही वरून पैसे घेतल्याची तक्रार रुग्ण करतात. दोन्ही तक्रारी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणातील खासगी रुग्णालयांनी थकबाकीचे कारण देऊन योजनेखालील उपचार काही काळ थांबविले. वेळेवर पैसे न देणाऱ्या ग्राहकाला दुकानदार भाव सांगताना काय करतो, हे गृहिणींना चांगले ठाऊक आहे.

देखरेखीचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात, सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच भ्रमणध्वनी क्रमांकाशी जोडलेले आढळले. हा नोंदणीतील ढिसाळपणा म्हणता येईल. पण २०१२ मध्ये बिहारच्या समस्तीपूर जिल्ह्यात जुन्या विमा योजनेखाली स्त्रियांची गर्भाशये विनाकारण काढल्याचे जे प्रकरण उघडकीस आले, त्याला ढिसाळपणा म्हणता येत नाही. शस्त्रक्रियेला पैसे मिळतात आणि सल्ल्याला मिळत नाहीत, अशी रचना असली की असे घडण्याची शक्यता त्या रचनेतच असते. ॲरो यांनी सांगितलेली गोष्ट तेथे स्त्रियांच्या देहावर सिद्ध झाली.

देशातच काही उत्तरे उपलब्ध आहेत, याचा विसर पडू नये. तमिळनाडूने १९९० च्या दशकात औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले. घाऊक निविदा आणि गोदामातील साठ्याचा संगणकीय हिशेब यांच्या बळावर सरकारी दवाखान्यांत औषधे मिळू लागली. राजस्थानने त्याच धर्तीवर २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना सुरू केली. यांत विमा नाही, कार्ड नाही. पण मधुमेही मजुराच्या महिन्याच्या खर्चाला थेट हात घालणारे हेच दोन उपक्रम आहेत.

म्हणून थायलंडकडून काही उचलावयाचे असेल, तर ती दरडोई रकमेची पद्धत होय. त्यासाठी सबंध देशाला एकाच वेळी हात घालण्याची आवश्यकता नाही. ज्या राज्यांत औषधपुरवठा बरा आहे, तेथील दोन-तीन जिल्ह्यांत हे करता येईल. आरोग्य मंदिराच्या क्षेत्रातील प्रत्येक कुटुंबाची नोंद करावी, माणशी वर्षाची रक्कम ठरवावी, आणि औषधे, तपासण्या व वरच्या रुग्णालयात पाठविण्याचा खर्च त्याच रकमेतून भागवावा. रक्कम सर्वत्र सारखी ठेवून चालणार नाही. मेळघाटातील वस्त्यांपर्यंत पोहोचण्याचा खर्च निराळा आणि सुरत किंवा इंदूरच्या झोपडपट्टीतला निराळा. वृद्धांची संख्या जास्त असलेल्या केरळमध्ये तो आणखी वेगळा येईल. पक्षाघात आणि डायलिसिस यांचे त्या जिल्ह्यांतील दावे पाच वर्षे मोजत राहावे. ते घटले, तर जन आरोग्य योजनेच्या निधीतला वाचलेला भाग त्याच केंद्रांना देण्याची तरतूद करारातच, आणि तीही पहिल्या वर्षी, लिहून ठेवावी लागेल.